जेन चौसष्टचे काय झाले?

अवकाशयाने, परग्रहावरचे जीव, बोलणारी यंत्रे असल्या कादंबऱ्यांवर आपण वेळ कशाला घालवायचा, हा प्रश्न आमच्या अभ्यासगटात हमखास येतो, आणि तो रास्त आहे. पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, कंत्राटी भरतीने राखीव जागा गिळल्या आहेत, आणि अशा वेळी कुणी कुठल्या चंद्रावरच्या बाजारपेठेची चर्चा काढली तर ऐकणाऱ्याची चिडचिड होणारच. शिवाय विज्ञानकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. प्रयोगशाळा, विद्वान शास्त्रज्ञ, त्याचा हुशार सहायक. त्या चित्रात वस्ती नसते, आणि प्रयोगशाळा झाडणारी बाई असलीच तर दारात पाणी देण्यापुरती असते.

तरीही आज आम्ही अशाच एका कादंबरीवर लिहिणार आहोत. बेकी चेंबर्स या अमेरिकन लेखिकेची 'अ क्लोज्ड अँड कॉमन ऑर्बिट', प्रकाशन २०१६. ती 'वेफेरर्स' या मालिकेतली दुसरी कादंबरी, आणि २०१९ साली या मालिकेला विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे आम्हाला अप्रूप नाही. जन्मावरून काम ठरवणारी व्यवस्था या पुस्तकात इतकी उघडी करून मांडली आहे की जातीवर ज्यांनी कधी विचार केला नाही त्यांनाही ती दिसावी. आणि तेवढे दाखवून झाल्यावर लेखिका ज्या प्रश्नाला बगल देते तो नेमका आपला प्रश्न आहे. भांडण तिथे आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. एका दूरच्या ग्रहावर माणसांचीच एक वसाहत आहे. स्वतःला सुधारित मानवजात म्हणवून घेणाऱ्या या लोकांनी जनुके हवी तशी जुळवून माणसे घडवायला सुरुवात केली. वरच्यांसाठी एक घडण, खालच्यांसाठी दुसरी. खालच्यांत एकसारख्या घडवलेल्या मुली आहेत, सगळ्यांचे नाव जेन आणि पुढे आकडा. त्यांचा जन्म भंगार निवडण्यासाठी झालेला आहे. कारखान्यात ढिगाने येणाऱ्या मोडक्या वस्तूंमधले चालण्यासारखे काय आणि फेकण्यासारखे काय, हे त्यांनी दिवसभर निवडायचे. डोक्यावर केस नाहीत, बाहेरचे जग नाही, आकाश हा शब्दसुद्धा नाही. त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या धातूच्या यंत्रांना 'मदर' म्हणतात, आणि त्या आयांना चेहरा नाही.

दहा वर्षांची जेन २३ आणि तिच्या शेजारी झोपणारी जेन ६४ या मैत्रिणी. एकदा स्फोट होऊन भिंतीला भगदाड पडते आणि जेन २३ ला पहिल्यांदा बाहेरचे दिसते. रात्री ती जेन ६४ ला उठवते. दोघी ते भगदाड पाहायला जातात. आया त्यांना गाठते, जेन ६४ हाती सापडते, आणि जेन २३ पळते. बाहेर भंगाराचे डोंगर, रानटी कुत्री. त्या डोंगरांत पडलेल्या एका मोडक्या यानातून आवाज येतो आणि तिला आत घेतो. तो आवाज यानाच्या कृत्रिम बुद्धीचा, नाव आऊल. (आऊल म्हणजे घुबड. आपल्याकडे ज्याला अशुभ ठरवून दगड मारले तो पक्षी इथे पोरीचा जीव वाचवतो. लेखिकेच्या मनात हे नसणार, पण आम्हाला गंमत वाटली.) पुढची नऊ वर्षे ती पोर कुत्री मारून खाते, भंगारातून सुटे भाग आणून यान दुरुस्त करते आणि एकोणिसाव्या वर्षी तो ग्रह सोडते.

आता या कारखान्याकडे जरा थांबून पाहा. ज्या समाजाला पोरींवर पहारा ठेवणारी यंत्रे बनवता येतात, त्याला भंगार निवडणारी यंत्रे बनवता आली नसती का? आली असती. पण त्यांनी यंत्राच्या हातात काठी दिली आणि माणसाच्या हातात कचरा दिला, कारण त्यांच्या हिशेबात पोरगी यंत्राहून स्वस्त होती. तंत्रज्ञान आले की जातीची कामे आपोआप संपतील, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. आपले सुशिक्षित बांधवही ते मोठ्या विश्वासाने पुढे सांगतात. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा नवा कायदा २०१३ साली झाला. गटाराच्या झाकणातून आत जाऊन सफाई करणारा 'बँडीकूट' नावाचा रोबोट केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये उतरवला. कायदाही आहे, यंत्रही आहे. तरी गटारात माणूस उतरतोच आणि गुदमरून मरतो, आणि मेलेल्याची जात विचारायची गरज पडत नाही. यंत्र महाग आहे म्हणून हे होते, की माणूस स्वस्त ठेवला आहे म्हणून होते?

'रोबोट' या शब्दाचा उगमच पाहा. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर गेला. शब्द सुचवला त्याच्या भावाने, चेक भाषेतल्या 'रोबोता' वरून, आणि रोबोता म्हणजे जमीनदारासाठी कुळाने करायची सक्तीची राबणूक. आपल्या भाषेत वेठ. वेठ काय असते हे आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी नाटकातून शिकवायची गरज नव्हती. महार वतन हे वेठीचेच कायदेशीर नाव होते. निरोप पोचवा, मेलेले जनावर ओढा, साहेबाचे सामान वाहा, रात्र असो की दिवस. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांचा रोख नेमका इथे होता की या कामाला वेळेची मर्यादा नाही, आणि वतनदार स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरच्यांना धरून नेले जाते. म्हणजे राबणारा हा माणूस नव्हताच, तो गावाचा एक सुटा भाग होता. एक नसला तर त्याच मापाचा दुसरा बसवायचा. जेन २३ नसली तर जेन २४. श्रमांची विभागणी वेगळी आणि श्रमिकांचीच वाटणी करून ती जन्माला बांधणे वेगळे, हा १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मधला भेद ज्यांना समजावून सांगताना आपली दमछाक होते, त्यांच्या हातात या कादंबरीची पहिली काही पाने द्यावीत असे आम्ही सुचवतो.

आऊल त्या पोरीला काय देते? निवारा देते, हे तर खरेच. पण त्यानंतर ती शिकवते. 'मी', 'आकाश', 'पुढचे वर्ष' असल्या गोष्टींपासून सुरुवात. आणि मग क्लिप. क्लिप ही अवकाशातल्या साऱ्या जीवजातींच्या व्यवहाराची भाषा. जेनची बोली त्या ग्रहापुरतीच चालते. एक ना एक दिवस पोरगी बाहेर पडणार आणि बाहेर ही बोली कुणी ऐकून घेणार नाही, हे आऊलला ठाऊक आहे. इंग्रजीवरून आपल्याकडे चाललेला वाद वाचकांना आठवेल. मातृभाषेतून शिका, असा उपदेश ज्यांची स्वतःची नातवंडे इंग्रजी शाळेत आहेत असे साहित्यिक वस्तीतल्या पोरांना करतात. आऊलने तसला उपदेश केला असता तर जेन आजही त्या भंगारात असती.

पुढे हीच जेन 'पेपर' हे नाव घेते आणि पोर्ट कोरिऑल या बाजारात मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचे दुकान टाकते. भंगार सुटले नाही, असे कुणी म्हणेल. आमच्या गटात या मुद्द्यावर चांगली जुंपली. काहींचे म्हणणे असे की लेखिकेने तिला पुन्हा जातीच्या धंद्यातच बसवले. बाबासाहेबांनी घाणेरडी कामे सोडायला सांगितली, ही मात्र कौशल्य म्हणून मिरवते. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. दुकान तिचे आहे, भाव ती ठरवते, नको तेव्हा शटर ओढते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा कचरावेचक बायांनी मागितले काय? ओळखपत्र, कचऱ्यावरचा हक्क, मोबदला, आणि पोरांसाठी शाळा. त्यांच्यातल्या बहुतेक आपल्याच समाजातल्या. काम तेच राहिले तरी ते कुणाच्या अटींवर होते, हा फरक लहान नाही. पण तो पुरेसाही नाही. पेपरच्या पोटी मुलगी असती तर ती दुकानात बसली असती की दुसरे काही शिकली असती, हा प्रश्न पुस्तकात येतच नाही, कारण पेपरला मूल नाही.

कादंबरीचा दुसरा धागा सिद्राचा. ती मुळात लव्हलेस, एका मोठ्या यानाची कृत्रिम बुद्धी. अपघाताने तिची स्मृती पुसली जाते आणि तिला माणसासारख्या दिसणाऱ्या शरीरात घालून पेपर आपल्या घरी आणते. कृत्रिम बुद्धीला असे शरीर देणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. पकडले गेले तर सिद्रा संपणार आणि आसरा देणारे तुरुंगात जाणार. म्हणून सिद्राने रस्त्यावर, बाजारात, मेजवानीत माणूस म्हणून वावरायचे. त्यात आणखी एक पेच असा की तिच्या घडणीतच खरे बोलण्याची सक्ती आहे. थेट प्रश्न विचारला तर तिला खोटे उत्तर देता येत नाही. मग पेपर तिला शिकवते ती कला उत्तर चुकवण्याची. प्रश्नाला प्रश्न करायचा, अर्धे सांगायचे, विषय बदलायचा, हसायचे.

ही कला आपल्याला शिकवावी लागत नाही. भाड्याने खोली शोधताना मालक विचारतो, पूर्ण नाव काय? आडनाव गावावरून असेल तर पुढचा प्रश्न, गाव कुठले? गावात कोणत्या आळीला? जेवणात काय चालते? घरात फोटो कुणाचा लावता? यात एकदाही जात विचारलेली नसते आणि प्रत्येक प्रश्न जातीचाच असतो. प्राध्यापक सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा असा अभ्यास केला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांनी घर मागितले की नकार वाढतो, हे त्यात दाखवले आहे. त्याआधी २००७ मध्ये थोरात आणि अ‍ॅटवेल यांनी नोकरीच्या अर्जांवर असाच प्रयोग केला. शिक्षण आणि अनुभव सारखाच, बदलले फक्त नाव. दलित नावाला बोलावणे कमी.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातही नाव लपवण्याचा एक किस्सा आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. परीक्षकांवर आपल्या प्रसिद्धीचे दडपण येऊ नये म्हणून. पहिला क्रमांक आला, मग नाव उघड झाले, साऱ्यांनी कौतुक केले. नारळीकरांचा हा प्रामाणिकपणाच, त्यात वाद नाही. पण नाव झाकणे हे नाव झाकणेच असले तरी एकाचे नाव उघडले की टाळ्या पडतात आणि दुसऱ्याचे उघडले की खोली रिकामी करावी लागते. मराठी विज्ञानकथेने पहिल्या प्रकाराची गोष्ट आपल्या घरात जपून ठेवली. दुसऱ्या प्रकारावर कथा कुणी लिहायची?

सिद्राचे गुपित फुटते ते मित्रासमोर. टाक हा परग्रहावरचा जीव, एल्युऑन जातीचा, गोंदण काढणारा कलाकार. अतिशय समंजस, उदार, कलासक्त. सिद्राच्या त्वचेवर तो गोंदण काढू लागतो आणि त्या शाईने तिचे बनावट शरीर बिघडते. टाकला कळते. आणि क्षणात त्याचा चेहरा बदलतो. कालपर्यंत जिच्याशी गप्पा मारल्या ती 'कोण' नसून 'काय' आहे, असे त्याला वाटू लागते. आपल्यातल्या कितीजणांनी हा बदललेला चेहरा पाहिला असेल! कॉलेजातल्या चहाच्या टपरीवर, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर. टाक पुढे परत येतो, शिकतो, सिद्राला मदतही करतो, ती सक्तीच्या खरेपणाची आज्ञा स्वतःच्या घडणीतून काढून टाकते त्यातही त्याचा हात आहे. आम्हाला मात्र त्याच्या परत येण्यापेक्षा एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. त्या नामांकित, सुसंस्कृत, नाना जीवजाती गुण्यागोविंदाने नांदवणाऱ्या आकाशगंगेत प्रत्येक यानात, प्रत्येक दुकानात कृत्रिम बुद्धी राबत असते, तिला ना पगार, ना नाव बदलण्याची मुभा, ना काम सोडण्याची. आणि टाकसारख्या भल्या जिवाला हे इतकी वर्षे दिसलेच नव्हते. पेपर एका गुलामीतून सुटून आली ती थेट दुसऱ्या गुलामीच्या बाजारात. तिला ते दिसते, कारण तिला वाढवणारी आऊल त्याच वर्गातली. सीमेवर पोचताच अधिकारी नियमात न बसणारे यान जप्त करतात आणि यानाबरोबर आऊलही जाते. पोरगी आक्रोश करते, ती माझी आई आहे. नियमात आईचा रकाना नसतो.

इथे हमखास कुणी तत्त्वज्ञ विचारतो, पण यंत्रात आत्मा असतो का? या विषयावरचे निम्मे सिनेमे याच प्रश्नावर उभे आहेत. बौद्ध म्हणून आम्हाला हा प्रश्न चुकीचा वाटतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आत्म्याला जागाच ठेवलेली नाही. आणि आत्म्याने या देशात कुणाचे काय भले केले? सर्व भूतांत एकच आत्मा आहे असे सांगणाऱ्यांच्याच गावात पाणवठा बंद होता. तेव्हा आत्मा सापडला की हक्क देऊ, हा वायदा आपण चांगला ओळखतो. आपण विचारायचे ते दुसरेच. दुःख आहे का? असेल तर ते कुणी लादले? त्यातून कुणाचा फायदा होतो?

आणि हे विचारायला लागलो की कादंबरीतून बाहेर येऊन आजच्या कृत्रिम बुद्धीकडे पाहावे लागते. आज मोबाईलवर गोड बोलणारे यंत्र म्हणजे आऊल नव्हे. कंपन्यांनी तसा आव आणला तरी आपण भुलू नये. आजच्या या उद्योगात हक्क कुणाचे मारले जातात ते शोधायला यंत्राच्या आत डोकवायची गरज नाही, नैरोबीला जावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' या नियतकालिकाने उघड केले की चॅटजीपीटीच्या तोंडून घाण येऊ नये म्हणून केनियातले कामगार तासाला २ डॉलरहूनही कमी मजुरीवर लैंगिक अत्याचाराची, खुनाची, छळाची वर्णने वाचत होते आणि त्यांवर खुणा करत होते. इंटरनेटचा कचरा निवडणारे हात. चेंबर्स यांनी भंगार निवडणारी पोरगी आणि कृत्रिम बुद्धी ही दोन वेगळी पात्रे केली. प्रत्यक्षात पहिलीच्या पाठीवर दुसरी उभी आहे.

दुसऱ्या टोकाला हीच यंत्रे आता अर्ज चाळायला बसवली जात आहेत. अ‍ॅमेझॉनने नोकरीचे अर्ज निवडणारी अशी एक प्रणाली करून पाहिली होती. जुने अर्ज पुरुषांचेच जास्त, म्हणून यंत्र बायकांच्या अर्जांना गुण कमी देऊ लागले. कंपनीने तो नाद सोडला, बातमी २०१८ मध्ये आली. जिथे आजवर ठराविक आडनावेच निवडली गेली तिथल्या जुन्या नोंदी खाऊन शिकलेले यंत्र काय शिकेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. फरक इतकाच की मालकाच्या चेहऱ्यावर निदान नापसंती दिसते, यंत्राला त्या 'मदर'सारखा चेहराच नाही. आपल्या पोरापोरींनी या क्षेत्रात जावे, संगणक शिकावा, कोड लिहावा, हे आम्ही म्हणतोच. पण निवडीची यंत्रे कोणत्या नोंदींवर शिकवली हे उघड करा, ही मागणीही आता चळवळीच्या यादीत आली पाहिजे.

आता मूळ भांडणाकडे येतो. पेपर आऊलला विसरत नाही. वर्षानुवर्षे शोध घेते आणि शेवटी ती सापडते एका संग्रहालयात, जुन्या यानांच्या मांडणीत. पेपर, तिचा साथीदार ब्लू, सिद्रा आणि टाक मिळून तिला सोडवतात. तो भाग वाचताना आमच्या गटातल्या दोघीतिघींचे डोळे भरले, आमचेही. मागे राहिलेल्या आईसाठी परत जाणे ही काय साधी गोष्ट आहे! कादंबरी संपते ती एका उबदार घरात, सारे एकत्र, दिवे लागलेले.

पण जेन ६४?

ज्या रात्री जेन २३ पळाली त्या रात्री आयाच्या हाती सापडलेली पोर. तिच्यासोबत त्या कारखान्यातल्या बाकी साऱ्या जेन. ब्लूला तर तो कारखाना आतून माहीत आहे, तो तिथे नजर ठेवण्याच्या कामावर होता, बोलताना अडखळतो म्हणून तिथल्या मापात न बसणारा, आणि जेनबरोबर पळून आलेला. म्हणजे दोन साक्षीदार बाहेर आहेत. कादंबरी संपते तेव्हा कारखाना बंद झाल्याचे कुठेही सांगितलेले नाही. साऱ्या आकाशगंगेचा कारभार पाहणारी संस्था त्या ग्रहाकडे वळून बघत नाही. आणि पेपरच्या घरात कुणी हा विषय ठरावासारखा मांडत नाही.

लेखिकेची बाजू घेणारे म्हणतील, एकोणीस वर्षांची एकटी पोर, तिने काय ग्रह जिंकायचा? मान्य. तो दोष आम्ही पेपरला देत नाही. जीव वाचवून पळणाऱ्याकडे क्रांतीचा हिशेब मागणे हा निर्लज्जपणा ठरेल. पण पुढे ती मोठी होते, तिचे दुकान चालते, तिला मित्र मिळतात, चोरून संग्रहालय फोडण्याइतकी हिंमत आणि जुळणी तिच्याकडे आहे. आणि लेखिका ज्या देशातली आहे त्याच देशात हॅरिएट टबमन होऊन गेली. स्वतः पळालेली गुलाम स्त्री, १८५० चा पळून गेलेल्यांना पकडून परत देण्याचा कायदा डोक्यावर टांगलेला असताना सुमारे १३ वेळा दक्षिणेत परत गेली आणि ७० च्या आसपास माणसे काढून आणली. अमेरिकेतल्या त्या लढ्याची थोरवी आपल्या जोतीरावांनी इथे बसून ओळखली होती. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी गुलामी संपवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्या परंपरेतली लेखिका पळण्याची गोष्ट सांगते आणि परत जाण्याची गोष्ट एका आऊलपुरती आटोपते, तेव्हा तिला विचारायचा हक्क आपल्याला आहे.

हे विचारताना बोट आपल्याकडेही वळते हे आम्ही जाणतो. शहरात आलेला, आडनाव बदललेला, गृहनिर्माण सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला आपला माणूस आईला गावाहून आणतो, भावाच्या पोराला शिकवतो. चांगलेच करतो. वस्तीतल्या बाकीच्यांचे काय, असे विचारले की म्हणतो, मी माझ्यापुरते केले. १९७८ साली कांशीराम यांनी बामसेफ उभी केली ती नोकरीत स्थिरावलेल्या अशाच माणसांना समाजाचे देणे आठवून देण्यासाठी. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या त्रिसूत्रीतले पहिले सूत्र आऊल पाळते, दुसरे पेपरच्या घरापुरते येते, तिसऱ्याला पुस्तकात जागा नाही. चेंबर्स यांच्या वाचकांना ही कमतरता जाणवत नसावी. त्यांच्यासाठी चांगली माणसे एका घरात जमली की गोष्ट पुरी होते.

एवढे भांडूनही पुस्तक वाचाच, असे आम्ही सांगू. भाषा सोपी आहे, इंग्रजी चाचपडत वाचणाऱ्यालाही जमेल. आणि ज्यांना प्रश्न पडतो की आपल्यातले कुणी असले लिहिते का, त्यांनी मिमी मंडल यांचे नाव लक्षात ठेवावे. त्या बंगालच्या, आपली दलित ओळख न लपवणाऱ्या. कृष्णवर्णीय लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांना लिहिलेल्या पत्रांचे 'ल्युमिनेसेंट थ्रेड्स' हे पुस्तक त्यांनी सहसंपादित केले आणि २०१८ साली ते ह्यूगोच्या अंतिम यादीत होते. मराठीत दलित आत्मकथनांनी जे केले ते पुढच्या काळाबद्दलच्या कथेने करायचे अजून बाकी आहे, आणि त्यासाठी कुणाच्या प्रयोगशाळेची परवानगी लागत नाही.

गटात पुढच्या महिन्यासाठी रिव्हर्स सॉलोमन यांची २०१७ ची 'अ‍ॅन अनकाइंडनेस ऑफ घोस्ट्स' घेतली आहे. मटिल्डा नावाचे प्रचंड यान, वरच्या मजल्यांवर गोरे, खालच्या थंड मजल्यांवर राबणारे काळे लोक, आणि या वेळी खालचे लोक नुसते पळत नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी पहिला भाग वाचून यावे. येताना 'जेन ६४ चे पुढे काय झाले' यावर प्रत्येकाने दोन पाने लिहून आणायची, असेही ठरले आहे. एका मुलीने तर आत्ताच सांगून टाकले की तिच्या कथेत जेन ६४ पकडली जात नाही, ती आयाला जाणूनबुजून अडवून धरते, आणि नंतर रोज रात्री बाकीच्या जेनना त्या भगदाडातून काय दिसले ते सांगत राहते.